सोंगटीला हात लावण्याआधी

कोजागरीच्या रात्री आपल्या वणीत लवकर झोपायचं कुणी मनावर घेत नाही. नद्यांचं पाणी खांद्यावर घेतलेल्या कावडकऱ्यांना सप्तशृंगीच्या अभिषेकासाठी गड गाठायचा असतो. ज्यांना गडावर जायचं नाही, ते गच्चीवर दूध आटवत बसतात. या रात्री लक्ष्मी ‘कोण जागं आहे’ असं विचारत फिरते, आणि जागायचं ते फासे खेळत जागायचं, असं जुन्या धर्मग्रंथांनीच सांगून ठेवलंय. एरवी फाशांना नावं ठेवणाऱ्यांनी दिलेली ही सवलत वाया घालवू नये. फक्त पैसा लावू नका. १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा तिथीवार बघून सूट देत नाही. हरणाऱ्याने पातेलं घासायचं, एवढी पैज पुरे.

ज्यांच्याकडे आजीचा कापडी सारीपाट शाबूत असेल त्यांनी तो जरूर काढावा. पण ९६ घरांच्या त्या पटावर चार गडी असले तरच मजा येते, आणि नियमांवरून चौघांची चार मतं असतात. दोघंच असाल तर बॅकगॅमन मांडा. सारीपाट खेळलेल्या माणसाला तो पहिल्या डावातच ओळखीचा वाटतो: दोन सोंगट्या एका घरात असल्या की जुग, ते मरत नाही; एकटी सापडली की मार. इराणात या कुळातल्या खेळाला नर्द म्हणतात. हिंदुस्थानच्या राजाने बुद्धिबळ पाठवून कोडं घातलं, तेव्हा इराणच्या वजिराने उत्तरादाखल नर्द रचून पाठवला, अशी तिथली जुनी कथा आहे. म्हणजे हा खेळ तसा पाहुणा नाही, परतीचं वाण आहे.

पट विकत आणायची गरज नाही. पुठ्ठ्यावर समोरासमोर बारा-बारा उभे त्रिकोण काढले की २४ घरं झाली. मधोमध एक उभी पट्टी सोडा. प्रत्येकाला १५ सोंगट्या लागतात. कॅरमच्या एका संचात पांढऱ्या ९ आणि काळ्या ९ असतात, तेव्हा शेजाऱ्याचा संच मागून आणला की काम भागतं. फासे लुडोतले चालतात.

प्रत्येकाने आपल्या बाजूने घरं मोजायची, १ ते २४. पहिली सहा ती आपली आतली घरं. सहाव्या घरात ५ सोंगट्या, आठव्यात ३, तेराव्यात ५ आणि अगदी लांब, चोविसाव्यात २. समोरच्याचीही त्याच्या बाजूने मोजून हीच मांडणी. तुमचं चोविसावं घर ते त्याचं पहिलं. सोंगट्या मोठ्या आकड्याकडून लहानाकडे येतात. दोन फाशांचे दोन आकडे दोन सोंगट्यांनी किंवा एकीनेच खेळायचे, दोन्ही फासे सारखे पडले तर तो आकडा चार वेळा. समोरच्याचं जुग असलेल्या घरात पाय ठेवता येत नाही. मेलेली सोंगटी पट्टीवर जाते आणि तिला समोरच्याच्या आतल्या सहा घरांतून पुन्हा शिरावं लागतं. ती शिरेपर्यंत दुसरं काही हलवता येत नाही. पंधराही आत आल्या की एकेक उचलायची. आधी सगळ्या उचलेल तो जिंकला. दुप्पट करण्याचा जो ठोकळा असतो तो पहिल्या वर्षी डब्यातच राहू द्या.

आता मुद्द्याचं. फाशांच्या खेळाबद्दल आपल्याकडे जे काही सांगितलं-गायलं जातं ते सगळं दानाबद्दल असतं. मालेगावजवळच्या चंदनपुरीला बानूच्या गावात खंडोबा धनगराकडे चाकरीला राहिला, त्याचं कारण म्हाळसेबरोबरचा सारीपाटाचा हरलेला डाव. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात जिजाबाई शिवाजीराजांशी फासे खेळतात आणि जिंकून कोंडाणा मागतात. कोण जिंकलं, काय पणाला लावलं, सारं कळतं. कोणती सोंगटी कुठून कुठे हलवली ते कुणी सांगत नाही. घरातही तेच. हरलेला माणूस ‘दानच पडलं नाही’ म्हणतो आणि उठतो. दान पडणं आपल्या हातात नाही हे खरं, पण पडलेल्या एकाच दानातून बहुतेक वेळा दहा-पंधरा वेगवेगळ्या चाली निघतात, आणि त्यातली निवडणं शंभर टक्के आपल्या हातात असतं.

लुडो खेळलेल्या हाताला दोन वाईट सवयी असतात. मारायला मिळालं की मारायचं, आणि मारायला नसलं की सगळ्यात पुढची सोंगटी पळवायची. लुडोत मारल्यावर जादा दान मिळतं, इथे मिळत नाही. शिवाय मेलेल्या सोंगटीचं नुकसान ती किती चालून आली होती त्यावर ठरतं. समोरच्याची सोंगटी तुमच्या पहिल्या घरात मारली, तर त्याचं फक्त एक घर बुडालं. तीच त्याच्या पाचव्या घरात बसायला आलेली असताना मारली, तर २० घरं बुडाली. डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एकूण १६७ घरं चालायची असतात, त्यातली २० म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

म्हणून पहिली शिस्त: फासे थांबले की हात मांडीवर. डोळ्यांनी निदान तीन चाली शोधा. पहिली चाल आपोआप दिसते आणि ती बहुधा भित्री असते. दुसरी शोधावी लागते. तिसरी शोधताना कळतं, की आपण पटाच्या अर्ध्या भागाकडे पाहिलंच नव्हतं. मग प्रत्येक चालीपुढे एकच प्रश्न: या चालीनंतर समोरच्याच्या ३६ दानांपैकी किती दानं मला दुखावतील, आणि दुखावलं तर किती?

३६ कशी, ते आधी. दोन फाशांची सहा गुणिले सहा. ३-१ हे दान दोन तऱ्हांनी पडतं, पहिल्या फाशावर ३ नि दुसऱ्यावर १ किंवा उलट, म्हणून ते दोन धरायचं. ३-३ एकाच तऱ्हेने, म्हणून एक. एखादा ठरावीक आकडा दोहोंपैकी कुठल्यातरी फाशावर येण्याची दानं ११. दोन आकड्यांपैकी कुठलाही चालणार असेल तर २०, तीनपैकी कुठलाही चालणार असेल तर २७. एवढे तीन आकडे पाठ असले की बाकीचं बोटांवर होतं.

आता खेळातली सुरुवातीची दानं घेऊ. ३-१, ४-२, ६-१ आणि ५-३ पडलं तर विचार करायचं कारण नाही, जुग बांधा. ३-१ ला आठवरची एक आणि सहावरची एक पाचव्या घरात, ४-२ ला तशाच चौथ्या घरात, ५-३ ला तिसऱ्यात. ६-१ ला तेरावरची आणि आठवरची सातव्या घरात. यातलं पाचव्या घराचं जुग सर्वांत मोलाचं. ते सहाव्या आणि आठव्या घराच्या जोडीने समोरच्याच्या मागच्या दोन सोंगट्यांची वाट धरतं, आणि पुढे मार दिला तर शिरायची जागाही कमी करतं.

पण पहिलंच दान २-१ पडलं तर? जुग कुठेच बांधलं जात नाही. एक चाल अशी: तेरावरची सोंगटी दोन घरं चालवून अकराव्यात आणायची आणि सहावरची एक उचलून पाचव्या घरात एकटी ठेवायची. नवा खेळाडू हे पाहून दचकतो. समोरच्याच्या दोन सोंगट्या तुमच्या पहिल्या घरात, बरोबर चार घरांवर, टपून बसल्या आहेत आणि त्यांच्या तोंडात आपणहून घास द्यायचा?

मोजून पाहू. त्याला ४ हवा. ४ येणारी दानं ११. ३-१ ने ३ आणि १ मिळून ४ होतात, ती २ दानं. २-२ आणि १-१ नेही तो पोचतो, आणखी २. झाली १५. अकराव्यातली एकटी दहा घरांवर आहे. तिथे ६-४ पोचतं, पण ते ४ मध्ये आधीच मोजलंय, आणि ५-५ ला तुमचं सहाव्या घरातलं जुग अडवतं. तेव्हा ३६ पैकी १५ दानांत मार, २१ दानांत नाही. आणि नाही मारलं, त्याने वाटही अडवली नाही, तर पुढच्या दानात पाचव्या घराचं जुग पुरं करायला तुमच्याकडे ३६ पैकी ३१ दानं असतात: १, ३ किंवा ६ असलेली सगळी, वर ४-४, २-२ आणि ४-२. खेळातलं सर्वांत मोलाचं घर इतक्या स्वस्तात पुन्हा मिळायचं नाही.

आणि मार बसलाच तर? वीस घरं बुडाली हे खरं. पण शिरायला किती अडचण? डाव नुकताच सुरू झालाय, त्याच्या आतल्या सहा घरांपैकी फक्त सहाव्यात जुग आहे. तुमचं दान अडकायला ६-६ च पडावं लागेल, ३६ तलं एक. म्हणजे मार बसून वर बाहेर अडकून पडण्याची शक्यता १५ छत्तीसांशांचा एक छत्तीसांश, शंभरात जेमतेम एक.

हाच हिशोब समोरच्याची घरं बंद होत जातात तसा भराभर बदलतो. त्याची दोन घरं बंद असली तर ३६ पैकी ४ दानं वाया जातात, तीन बंद तर ९, चार बंद तर १६, पाच बंद तर २५. सहाही बंद असली तर तुम्ही फासे हातात घ्यायचेच नाहीत, तो घर उघडेपर्यंत दूध प्यायचं. दोनावरून चारावर गेलं की अडकण्याची दानं चौपट होतात, हे लक्षात आलं तर बॅकगॅमनमधला निम्मा शहाणपणा हाती लागला म्हणायचा. लोक उलट वागतात. सुरुवातीला, मार स्वस्त असताना, जिवाच्या करारावर जुगं सांभाळत बसतात. सोंगट्यांचे ढीग मागेच राहतात, घरं बांधली जात नाहीत. मग शेवटी, मार सर्वांत महाग असताना, नाइलाजाने एकटी सोडावी लागते.

तरी ‘सुरुवातीला धाडस’ हा मंत्र करून प्रत्येक दानाला जपू नये. पहिलंच दान ४-१ पडलं, तर जुन्या पुस्तकांत तीच तऱ्हा होती: तेरावरची नवव्यात, सहावरची पाचव्यात. १९९२ साली आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा संगणक कार्यक्रम स्वतःशीच लाखो डाव खेळवून शिकवला, आणि त्याने इथे वेगळंच मत दिलं: तेरावरची नवव्यात न्या, पण पाचव्यात घास देऊ नका, त्याऐवजी मागची एक चोविसावरून तेविसावर सरकवा. उत्तम खेळाडूंनीही नंतर ते मान्य केलं. कारण बोटांवर मोजता येतं. ४-१ ला जुनी चाल केली, तर पाचव्यातल्या एकटीला मारणारी १५ दानं असतातच, शिवाय नवव्यातली एकटी आठ घरांवर येते आणि तिला ६-२ नि ५-३ ही आणखी ४ दानं मारतात. एकूण १९, निम्म्याहून जास्त. नव्या चालीत नवव्यातल्या एकटीला मारणारी दानं फक्त ६. मागच्या दोन सुट्या झाल्या, त्यांच्यावर तो तुटून पडू शकतो. पण त्या मेल्या तरी एक-दोन घरांचंच नुकसान. २-१ ला मात्र दोन्ही तऱ्हांत आजचे कार्यक्रमही फारसा फरक मानत नाहीत. पंधरा आणि एकोणीस, एवढ्याशा फरकाने चाल बदलते.

संगणकाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७९ साली माँटे कार्लोला हान्स बर्लिनर यांच्या बीकेजी ९.८ या कार्यक्रमाने तेव्हाचे जगज्जेते लुइजी व्हिला यांना ७-१ ने हरवलं. मोठा गाजावाजा झाला. नंतर बर्लिनर यांनीच डाव तपासले आणि सांगितलं, की चाली व्हिला यांच्याच सरस होत्या, फासे यंत्राच्या बाजूने पडले. दान आणि चाल अशी वेगळी काढून पाहणारे विजेते विरळाच.

धाडस कधी आणि सावधपणा कधी, याचं सगळ्यात नेटकं उत्तर पॉल मॅग्रिएल या अमेरिकन खेळाडूने १९७६ च्या आपल्या पुस्तकात दिलं. त्याचा गाभा मी माझ्या शब्दांत मांडतो. समोरच्याची आतली घरं जितकी बंद, तितके तुम्ही सावध. तुमचं एखादं जुग त्याच्या आतल्या घरांत बसलेलं असेल, तर धीट व्हा. मेलात तरी उतरायला पायरी आहे. त्याच्या आतल्या घरांत त्याचीच एखादी सोंगटी एकटी असेल, तरी धीट व्हा. तुम्हाला मारून तो तुम्हालाच उलटा मार द्यायची संधी देईल. आणि तुमच्या सोंगट्या आधीच तीन-चार मागे पडल्या असतील, तर पाचवीचं भय धरून उपयोग नाही. त्या उलट त्याच्या घरात जुगं करायला कामी येतात. शेतातही हाच हिशोब: बागलाणात द्राक्षाची अर्ली छाटणी करणारा बागायतदार पावसाला भीत नाही असं नाही. पण चढ्या भावाची आशा, औषधाचा खर्च आणि मागे उभी असलेली दुसरी बाग असं सगळं धरून तो कात्री चालवतो. नुसतं ‘पाऊस येईल का’ एवढंच विचारणारा छाटणीच करू शकणार नाही.

आता उत्तरार्धातली एक जागा नीट पाहा. तुमच्या सहाव्या घरात ३ सोंगट्या, पाचव्यात ४, चौथ्यात ४, तिसऱ्यात ३, आणि आठव्या घरात एक मागे राहिलेली एकटी. समोरच्याची एक सोंगटी तुमच्या पहिल्या घरात दबा धरून आहे, आणि त्याच्या आतल्या सहापैकी पाच घरं बंद आहेत. दानातला एक आकडा खेळून झालाय, १ उरलाय. हात आपोआप आठव्यातल्या एकटीकडे जातो: बिचारी बाहेर राहिलीय, एक घर तरी आत आणू. आणलीत तर ती सातव्या घरात, त्याच्यापासून सहा घरांवर. ६ येणारी ११ दानं आणि दुसऱ्या घरावरून येणारं ५-१, मिळून १३ दानांत मेली. त्याऐवजी सहावरची तिसरी सोंगटी पाचवर सरकवा. आठव्यातली एकटी सात घरांवर राहते. ५-२ आणि ४-३ ने तो आला असता, पण तिसरं, चौथं, पाचवं, सहावं ही घरं तुमची आहेत, मध्ये पाय टेकायला त्याला जागाच नाही. उरलं फक्त ६-१. ३६ पैकी २. एक घर ‘जवळ’ आणण्याच्या मायेपायी दोनाची तेरा दानं झाली असती, तीही पाच घरं बंद असताना.

यातून हाताशी ठेवण्यासारखा ठोकताळा निघतो. वाट मोकळी असताना एक घर पुढे असलेल्या एकटीला मारणारी दानं ११, दोन घरांवर १२, तीनवर १४, चार आणि पाचवर १५, सहावर १७. आणि सातवर एकदम ६. म्हणजे एकटी सोडायचीच वेळ आली तर सहाच्या पलीकडे ठेवा, ते जमत नसेल तर अगदी नाकाशी. मधली तीन ते सहा घरं सर्वांत वाईट.

मार देण्याबद्दल थोडं. आपल्या आतल्या घरांत एकट्या सोंगटीने मारणं सारीपाट खेळलेल्यांना आततायीपणा वाटतो. पण मेलेली सोंगटी आधी शिरवावी लागते, म्हणून त्याचा एक फासा त्यातच जातो. दोन्ही फासे लागणारं त्याचं मोठं काम त्या खेपेला अडतं. तो पुढच्या दानात तुमच्या पाचव्या घरात जुग करणार हे दिसत असेल, तर मारा, एकटीने का होईना. तो तसं काहीच करणार नसेल आणि त्याची आतली घरं बंद असतील, तर हात आवरा. आणखी एक बारीक युक्ती: दोन चाली सारख्याच वाटल्या, तर त्याला लागणारे आकडे पाहा. मारायलाही ४ हवा आणि स्वतःची एकटी झाकायलाही ४ च हवा अशी स्थिती आणता आली, तर त्याची बाकीची दानं कोरडी जातात. मारायला ४ आणि झाकायला ३ असं असेल, तर त्याची २० दानं कामाला येतात.

शर्यतीबद्दल फार लिहीत नाही. दोघांच्या सोंगट्यांनी एकमेकींना ओलांडलं की मारामारी संपते आणि उरलेली घरं मोजायची. तुम्ही पुढे असाल तर लवकरात लवकर ओलांडा, मागे असाल तर त्याच्या वाटेतलं जुग शेवटपर्यंत सोडू नका. दर चार-पाच दानांनी बेरीज करायची सवय लावा, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं.

मात्र उचलण्याच्या वेळी सगळेच सैल होतात, आणि तिथे जिंकलेले डाव जातात. तुमच्या तीनच सोंगट्या उरल्या आहेत: सहाव्या, पाचव्या आणि तिसऱ्या घरात. समोरच्याची एकच उरलीय, पुढच्या खेपेला तो संपवणार. तुम्हाला ६-१ पडलं. सहावरची उचलली. १ कुठे खेळाल? पाचवरची चारवर आणली तर उरल्या ४ आणि ३. तीनवरची दोनवर आणली तर ५ आणि २. बेरीज दोन्हीकडे सात. पाचावरची मागे आहे म्हणून तिला पुढे आणावं असं वाटतं. पण मोजा. ४ आणि ३ असताना एका दानात दोन्ही उचलणारी दानं १७. ५ आणि २ असताना १९. ५-२ आणि ६-२ ही चार दानं दुसऱ्या मांडणीत चालतात, पहिलीत नाहीत. उलट पहिलीत चालणारं ४-३ दुसरीत चालत नाही, ती दोन गेली. एकदा तुमची शक्यता निम्म्याच्या खाली, एकदा वर, आणि फासे तेच.

सरावाला जीएनयू बॅकगॅमन हा फुकट मिळणारा कार्यक्रम पुरेसा आहे. त्यात आपला डाव भरला तर प्रत्येक चालीला तो आपली पसंती सांगतो आणि तुमची चाल किती महाग पडली तेही. पण आधी स्वतः मोजा, मग त्याला विचारा. कोजागरीच्या आत मोजून ठेवायला एक जागा देतो: दोनच सोंगट्या, सहाव्या आणि तिसऱ्या घरात, खेळायला फक्त १ उरलाय. सहावरची पाचवर आणली तर ५ आणि ३, तीनवरची दोनवर आणली तर ६ आणि २. एकीकडे १४ दानं निघतात, दुसरीकडे १३. कुठली कुठे, ते ३६ दानं लिहून काढा आणि पाहा.